'अगं बाई अरेच्चा' आमच्या घरात: बेळगावात मन ऐकू आलं असतं तर कुठल्या भाषेत?

दुसरं_गेट

नमस्कार मंडळी, लई दिवसांनी धागा काढतोय, चुकलं माकलं तर सांभाळून घ्या.

परवा रविवारी आमच्यात 'अगं बाई अरेच्चा' लावला होता. कितव्यांदा ते मोजायचं सोडलंय, पण सगळं घर एका जागी बसून बघायची ही पहिलीच वेळ. म्हणजे आज्जी, आई, काकी, बायको, पोरगी (अकरा वर्षांची, इंग्लिश मिडियम, मराठी पिच्चर म्हटलं की आधी तोंड वाकडं) आणि धाकट्या भावाची बायको, ती गोकाककडची, कन्नड बोलत वाढलेली, लग्नाला आता दीड वर्ष झालं. पुरुष आम्ही तिघंच, त्यातले वडील पहिल्या अर्ध्या तासातच घोरूलाले होते.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी (असं कोण असेल असं वाटत नाही, पण असूदे). २००४ चा पिच्चर, केदार शिंदेचा. संजय नार्वेकर म्हणजे श्रीरंग देशमुख, मुंबईतला साधा नोकरदार माणूस, घरात बायका, शेजारी बायका, ऑफिसात पण बायका, आणि सगळ्यांना वैतागलेला. देवीपुढं गाऱ्हाणं घालतो आणि त्यानंतर त्याला बायकांच्या मनातलं ऐकू यायला लागतं. जादू म्हणाल तर एवढीच. उडणारी सतरंजी नाही, राक्षस नाही, काही नाही.

तर बरोबर रंगात आलेलं असताना लाईट गेली. सोप्यात अंधार, आठ-नऊ माणसं, मध्ये चुरमुऱ्यांची परात. दोन मिनिटं कोण काही बोललं नाही. मग काकी म्हणाली, आता आपल्यातल्या कुणाला मनातलं ऐकू आलं तर काय होईल ओ. आज्जी वाती वळत बसली होती, अंधारात पण तिचे हात चालूच, ती म्हणाली "काय होतंय, उद्यापासून चुली चार होतील." सगळे हसले. आणि मग कोपऱ्यातून भावजय हळूच विचारते, "पण त्या श्रीरंगला कन्नड येतंय काय?"

खरं सांगतो, एक सेकंद सगळे गप्प, आणि मग जो हशा झाला त्यात वडील जागे झाले. पण मला रात्री झोप लागेना ओ. खरंच की. तो माणूस मुंबईत होता म्हणून त्याचं निभावलं. आमच्या गल्लीत राहिला असता तर त्याला निम्मं ऐकू आलं असतं आणि समजलं नसतं.

तर धागा याच्यासाठी. तुमच्या घरात या पिच्चरबद्दल काय मत आहे, आणि असले जादूचे घरगुती पिच्चर तुम्हाला कुठले आवडतात, का आवडतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. जादू लहान पाहिजे आणि घर मोठं पाहिजे. घर नीट उभं केलेलं असलं की जादूवर आपोआप विश्वास बसतो. उलटं केलं की पिच्चर पडला.

कडोली_कट्टा

झपाटलेला. विषय संपला.

खानापूरची_पोर

हा पिच्चर मी तर सात-आठ वेळा बघितलो असेन. आमच्यात सासूबाईंचा फेवरिट. पण त्यांना त्यातला श्रीरंग आवडत नाही, त्यांना गाणी आवडतात, मल्हारवारी लागलं की कणीक मळायची सोडून येतात आणि मन उधाण वाऱ्याचे लागलं की परत जातात, म्हणतात हे माझ्यासाठी नाही, हे तुमच्यासाठी आहे.

भावजयीचा प्रश्न मात्र एक नंबर. तिला माझ्याकडून कुंदा.

पुण्यात_अडकलेला

@खानापूरची_पोर "मी बघितलो" वाचून डोळ्यात पाणी आलं ओ. इकडं हॉस्टेलला पहिल्या आठवड्यात मी म्हटलं "मी जेवण केलो" तर रूममेट चार दिवस हसत होते. आणि बहीण आली भेटायला, ती म्हणाली "मी उद्या जातो", तर एकानं विचारलं ही अशी का बोलते. आता काय सांगायचं, आमच्याकडं पोरी जातोच म्हणतात की.

धाग्याबद्दल: मला वाटतं या पिच्चरची खरी गंमत नार्वेकरच्या चेहऱ्यात आहे. ऐकू येतंय पण आलं असं दाखवायचं नाही, ही ॲक्टिंग अवघड आहे. समोरची बाई तोंडानं एक बोलते, मनात दुसरं, आणि हा दोन्हीला एकदम रिॲक्शन देणार. दुसरा कोण असता तर डोळे फाडून ओव्हरॲक्टिंग केली असती.

मास्तर_चिकोडी

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

तुम्ही ज्याला जादू म्हणताय ती मराठी माणसाला नवी नाही. आपल्या जुन्या नाटकात 'स्वगत' होतं. पात्र रंगमंचावर उभं राहून प्रेक्षकांकडं तोंड करून मनातलं सगळं मोठ्यानं बोलायचं, शेवटच्या रांगेतल्या माणसाला ते ऐकू जायचं, पण दोन हातांवर उभ्या असलेल्या दुसऱ्या पात्राला मात्र काही ऐकू जात नाही असं आपण सगळ्यांनी मिळून मानायचं. शंभर वर्षं मानलं. कोणी विचारलं नाही की अरे तो बहिरा आहे काय. या पिच्चरमध्ये दिग्दर्शकानं काय केलं, तर त्या दुसऱ्या पात्राच्या कानातला बोळा काढला. बस. म्हणून कुणालाही समजावून सांगावं लागत नाही की हे काय चाललंय. आज्जींना पण लगेच कळतं, कारण आज्जींनी नाटकं बघितलेली आहेत.

आणि स्वगत म्हटलं की आपल्या जिल्ह्याचा हक्क पोचतोच. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मानं गुर्लहोसूरचे, १८४३ सालचे. त्यांचं शाकुंतल पुण्यात १८८० साली उभं राहिलं, पण माणूस आपल्या मातीतला. त्यांच्या घराभोवती कन्नडच कानावर पडत असणार. तेव्हा भावजयींचा प्रश्न तसा दीडशे वर्षं जुना आहे म्हणा.

दुसरी गोष्ट, २००४ हे वर्ष विसरू नका. त्याच वर्षी 'श्वास' भारतातर्फे ऑस्करला गेला. त्याआधीची काही वर्षं मराठी पिच्चर बघायला जातो म्हटलं की लोक कीव करायचे. एकाच वर्षी एक गंभीर आणि एक हसवणारा असे दोन पिच्चर लोकांनी उचलून धरले. मी तेव्हा शाळेत शिकवत होतो, नववीची पोरं श्रीरंगची नक्कल करायची आणि बाई वर्गात आल्या की कानावर हात ठेवायची. मार खाल्ला त्यांनी.

कडोली_कट्टा

मास्तर तुम्ही मारलं काय?

मास्तर_चिकोडी

मी नाही. बाईंनी.

सौ_अनगोळ

सगळे कौतुक करूलालेत म्हणून मी उलटं लिहितो, राग मानू नका.

मला हा पिच्चर आवडतो पण दरवेळी एका जागी खटकतं. बायकांच्या मनात काय आहे हे कळायला या माणसाला देवी लागते. अहो विचारलं असतं तर सांगितलं नसतं काय कुणी? आई आहे, बायको आहे, रोज समोर जेवायला वाढतात. एकदा तरी म्हणायचं, बस जरा, काय झालंय तुझं. ते नाही. देवीपुढं जाऊन कटकट, की मला बायका कळत नाहीत. देवी पण बाईच की ओ, तिला काय वाटलं असेल ते कोण ऐकलं?

आणि एक. बायकांच्या मनात सदानकदा काहीतरी लागट चालू असतं असं दाखवायची पिच्चरवाल्यांना खोडच आहे. माझ्या मनात काय असतं सांगू? सकाळी सात वाजता मनात असतं: पाणी आज येणार का उद्या, डब्याला बटाटा परत केला तर पोरगा खाईल काय, गॅस कधी बुक केलोय, दूधवाल्याचे किती झाले. कोण ऐकलं तर झोप येईल त्याला. 

दुसरं_गेट

@सौ_अनगोळ ताई तुमचं म्हणणं मी बायकोला वाचून दाखवलो. ती म्हणाली, "विचारतात की. पण उत्तर संपायच्या आत चप्पल घालतात." आता यावर मी काय बोलू.

उसाचा_ट्रॅक्टर

देवीला काय वाटलं असेल ते कोण ऐकलं... ताई या वाक्यावर दुसरा पिच्चर निघेल 

आमचं निपाणीचं सांगतो. आम्हाला मराठी पिच्चर बघायला कोल्हापूर जवळ, चाळीसेक किलोमीटर. २००४ ला आम्ही सगळे जीपमधून गेलो होतो, अकरा माणसं, आत्या मागं स्टेपनीवर बसली होती. इंटरवलला आत्या म्हणाली "ह्याला आमच्या मनातलं ऐकू येतंय तर ह्यानं पहिलं म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायला पाहिजे, तिचे गुडघे दुखत असणार, ती बोलणार नाही." पिच्चरमध्ये असं काही होतं काय मला आठवत नाही, पण परत येताना रस्ताभर सगळ्यांनी आत्यालाच विचारलं, तुझे गुडघे दुखतात काय. दुखत होते. दोन वर्षं झाली होती. कुणाला माहीत नव्हतं.

खानापूरची_पोर

अगं बाई. (अरेच्चा नको आता)

डॉल्बीवाला_वडगाव

माझा साऊंडचा धंदा आहे म्हणून त्या अँगलनं लिहितो. यातली ट्रिक स्वस्तातली आहे, ओठ मिटलेले, आवाज चालू. कॉम्प्युटर नको काय नको. पण स्वस्त म्हणजे सोपी नव्हे. तोंडानं बोललेला आवाज आणि मनातला आवाज एकाच बाईचा, तरी प्रेक्षकाला क्षणात फरक कळला पाहिजे, नाहीतर कॉमेडी मेली. आमच्या मंडळाच्या नाटकात एकदा आम्ही असलंच काहीतरी केलो होतो, मनातलं बोलणं आधी रेकॉर्ड करून पेन ड्राईव्हवर. ऐन प्रयोगाला ऑपरेटर पोरानं (म्हणजे मीच) एक फाईल पुढची लावली. सासू मनात बोलली ते सुनेच्या आवाजात आलं. पब्लिकला वाटलं मुद्दाम केलंय, टाळ्या पडल्या. डायरेक्टर अजून माझ्याशी बोलत नाही.

झपाटलेलाबद्दल पण लिहितो, कट्टेकरी रागावतील नाहीतर. त्यातला बाहुला रामदास पाध्येंचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. १९९३ मध्ये बाहुलीला जिवंत करायचं म्हणजे हातानं, दोऱ्यानं, कॅमेरा कुठं ठेवायचा त्या हिशोबानं. आज बघताना कळतं की बाहुला आहे, तरी तो मान वळवतो तेव्हा पोटात गोळा येतोच. आणि गंमत बघा, प्रभावळकर अगं बाई अरेच्चामध्ये पण आहेत. 

कडोली_कट्टा

आता कसं बोललात.

मी एक शब्दात लिहिलं म्हणून लोकांनी मला हलक्यात घेऊ नये, म्हणून आता सविस्तर. धागाकर्ते म्हणतात जादू लहान पाहिजे. मी म्हणतो जादूला नियम पाहिजे. तात्या विंचूला कुणाच्या पण अंगात जाता येत नाही, ज्याला त्यानं पहिल्यांदा आपली ओळख सांगितली त्याच्याच, म्हणजे आपल्या लक्ष्याच्याच. आणि मारायचं असेल तर गोळी दोन भुवयांच्या मध्येच लागली पाहिजे. हे दोन नियम माहीत असले की बारकं पोरगं पण हिशोब करत बसतं, आता काय होणार. तुमच्या श्रीरंगला नियम काय? बायकांचं ऐकू येतं, पुरुषांचं नाही. एवढाच. त्यामुळं हसायला येतं पण जीव टांगणीला लागत नाही.

आणि घर म्हणाल तर झपाटलेल्यात पण घर आहेच की. लक्ष्या आणि त्याची आई, मधू कांबीकर. ती आई आहे म्हणून तर भीती वाटते. लक्ष्या एकटाच असता तर आपण म्हटलो असतो जाऊदे.

आमच्या घरात त्या पिच्चरनंतर बहिणीची बाहुली माळ्यावर गेली ती गेलीच. कापडात गुंडाळून, वरनं दोरी बांधून. गेल्या वर्षी घर पाडताना सापडली. गवंड्यानं खाली आणून दिली तर बहीण, आता चाळीस वर्षांची बाई, दोन पोरांची आई, म्हणते "सोडू नको दोरी."

शहापूरचा_विणकर

हाहाहा दोरी

आमच्या गल्लीत गणपतीत पांढरं कापड बांधून पिच्चर दाखवायचे. झपाटलेला दाखवला त्या रात्री कापडाच्या मागच्या बाजूनं बसलेल्यांना सगळं उलटं दिसायचं, तरी लोक बसायचे. मी उलट्या बाजूनं बघितलो. त्यामुळं माझ्या डोक्यात तात्या विंचू डावऱ्या हाताचा आहे का उजव्या, हे आजवर पक्कं नाही.

पहिला_पाऊस

कुणाला छोटा चेतन आठवतंय काय? मूळ मल्याळम, १९८४ चा, देशातला पहिला थ्रीडी. तो पण घरगुती जादूचाच की. आमच्या मामानं नेलं होतं. आईस्क्रीमचा कोन पडद्यातून बाहेर आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या माणसानं खरंच तोंड उघडलं होतं. चष्मे बाहेर पडताना परत घ्यायचे, मामानं एक खिशात घातला आणि घरी येऊन टीव्हीवर बातम्या बघायला लावला, बातम्यांतलं कुणी बाहेर येईना म्हणून कंपनीला शिव्या.

सीमेवरचा_एक

पिच्चर चांगला असो वाईट असो, आपल्याकडं मराठीला शो किती मिळतात ते बोला. नवीन मराठी पिच्चर आला की एकच खेळ, तो पण असल्या टायमाला की नोकरदार माणूस जाऊ शकत नाही, आणि शुक्रवारी आला तर गुरुवारपर्यंत गायब. मागं एकदा आम्ही पाचजण गेलो तर तिकीट खिडकीवर सांगितलं दहा माणसं झाल्याशिवाय चालू करत नाही. शेवटी आम्ही बाहेर रस्त्यावर जाऊन माणसं गोळा केलो. एक भाजीवाली मावशी आणि तिचा नातू पण आले. याला जबाबदार कोण हे सगळ्यांना माहीत आहे, सत्तर वर्षं आपण

व्यवस्थापक

पुढचा भाग उडवलाय. त्या विषयाचे धागे वेगळे आहेत, तिकडं लिहा. शोच्या वेळेची तक्रार रास्त आहे म्हणून ठेवली. इथं पिच्चरवर बोला.

सीमेवरचा_एक

बरं बरं. मावशीला पिच्चर आवडला एवढंच सांगायचं होतं. ती मराठी न कळणारी होती.

दुसरं_गेट

@सीमेवरचा_एक अहो हे आधी सांगायचं की, हे तर माझ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. न कळता कसा काय आवडला?

सीमेवरचा_एक

ती नातवाकडं बघून हसायची. तो हसला की ती हसायची. शेवटी म्हणाली "छलो ऐती", छान आहे म्हणजे.

गिरमिट_स्पेशल

आता माझी पाळी. मी कन्नड शाळेत शिकलो, घरात मराठी, दुकानात दोन्ही, बायको हुबळीची. धागाकर्त्यांच्या प्रश्नावर मी गेले दोन दिवस स्वतःच्याच मनावर पाळत ठेवून आहे. निष्कर्ष असा. हिशोब कन्नडमध्ये. पाढे कन्नड शाळेत पाठ केले ना, ते तसेच बसलेत, गिऱ्हाईक मराठी असलं तरी आत ओंदु एरडु मूरुच चालतं. राग मराठीत. देवाला नमस्कार मराठीत, पण सिद्धारूढाच्या मठात गेलो की आपोआप कन्नड. स्वप्नात आई मराठीत बोलते आणि मास्तर कन्नडमध्ये ओरडतात. आणि गाडी चालवताना कुणी आडवं आलं की जी भाषा येते ती इथं लिहिता येणार नाही, ती व्यवस्थापकांना चालणार नाही.

त्यामुळं श्रीरंग आमच्या दुकानात आला असता तर त्याला वाटलं असतं रेडिओचं स्टेशन नीट लागत नाही.

आणि पिच्चरवाल्यांना एक विनंती. आमच्याकडचा माणूस दाखवायचा म्हटलं की लगेच तो मराठीची लिंगं चुकवतो, "तो भाजी", "ती भात", आणि थिएटर हसतं. पुलंच्या बेळगावी रावसाहेबांचं बोलणं आजही ऐकताना आपण हसतो, पण ते हसणं वेगळं आहे, तिथं त्या माणसावर जीव आहे. नक्कल करणाऱ्यांनी लिंगाची चूक तेवढी घेतली आणि जीव तिथंच ठेवला.

पुण्यात_अडकलेला

+१०० रूममेट लोकांना हा प्रतिसाद पाठवतोय.

सौ_अनगोळ

गिरमिट अण्णा भारी लिहिलात. माझ्या सासूबाई शिव्या पण दोन भाषेत देतात, मराठीतली शिवी पोरांना आणि कन्नडमधली भांड्यांना. दूध उतू गेलं की फक्त कन्नड.

बाकी मी वर जे लिहिलो त्यावर एक भर. काल परत बघितलो (धाग्यामुळं). मान्य करतो, पिच्चर पुढं जातो तसा श्रीरंग बदलतो, आधी ऐकू आलेल्याचा फायदा घ्यायला बघतो आणि मग त्याला लाज वाटायला लागते. ते मला आधी नीट दिसलंच नव्हतं कारण दरवेळी अर्ध्यात कुकर लावायला उठत होतो. हा पिच्चर बायका उठून-बसून बघतात आणि पुरुष सलग बघतात, त्यामुळं दोघांची मतं वेगळी असणारच.

मास्तर_चिकोडी

ताई, समीक्षा म्हणतात ती हीच.

शहापूरचा_विणकर

दुसऱ्या भागाबद्दल कोण बोलेना? २०१५ चा, सोनाली कुलकर्णीचा. मला ठीक वाटला, गाणीबिणी चांगली, पण ती मजा नाही. माझ्या मते कारण असं, पहिल्यात जादू म्हणजे वरदान आणि त्याचा त्रास होतो. दुसऱ्यात जादू म्हणजे शापच, ती प्रेमात पडली की समोरच्यावर संकट. शापावर हसायला जड जातं. वरदानाचा त्रास झाला की माणूस मनापासून हसतो, कारण मागून घेतलेलं असतं. स्वतःहून मागितलंस ना, घे आता.

कडोली_कट्टा

आणि दुसऱ्या भागात घर पण तेवढं भरलेलं नाही. धागाकर्त्यांचा मुद्दा मी मान्य करतो, पण झपाटलेला पहिल्या नंबरवरच.

पहिला_पाऊस

कुणी तरी केदार शिंदेचाच बाईपण भारी देवा धरला काय? २०२३ ला आमच्या कॉलनीतल्या बायका दोन टेंपो भरून गेल्या होत्या, नऊवारी नेसून, गॉगल लावून. त्यात जादू नाही हे मला माहीत आहे. पण आमच्या आईनं मंगळागौरीच्या फुगड्या बघून घरी आल्यावर, वय एकोणसत्तर, स्टोअर रूममध्ये दार लावून एकटीनं गिरकी घेतली. मी फटीतून बघितलो. आता ही जादू धरायची का नाही तुम्ही ठरवा. अजून तिला माहीत नाही मी बघितलो ते.

खानापूरची_पोर

धरली.

उसाचा_ट्रॅक्टर

धरली. आणि आत्याला पण एकदा न्यायला पाहिजे होतं. आता गुडघे बदललेत दोन्ही, टनाटन चालते, पण जीप विकली.

डॉल्बीवाला_वडगाव

धागाकर्ते कुठं गेले? भावजयीला विचारलात काय, तिच्या मनातली भाषा कुठली ते? मूळ प्रश्न तिचा, आणि उत्तर आम्हीच देऊलालोय.

दुसरं_गेट

आहे आहे. पाहुणे होते दोन दिवस.

विचारलो. सरळ मी विचारणं बरं दिसत नाही म्हणून बायकोनं विचारलं, भाकऱ्या करताना, मी सोप्यात पेपर घेऊन बसलो होतो पण कान तिकडंच. ती म्हणाली, लग्न झालं तेव्हा सगळं कन्नड. मग सहा-सात महिन्यांनी एक दिवस लक्षात आलं की भाजीत मीठ घातलं का नाही हे मनात मराठीत आलं. ती म्हणे घाबरली. आपलंच मन आपल्याला परकं वाटलं. आईला फोन केला, आई म्हणाली "अय्यो, हंगादरे नी अवराकी आदि", म्हणजे तू त्यांचीच झालीस की. मग ती दोन दिवस मुद्दाम सगळं कन्नडमध्ये विचार करत होती, ठरवून, भांडी घासताना सुद्धा. नंतर सोडून दिलं, म्हणाली दमायला होतंय.

मग बायकोनं विचारलं, आणि आमच्याबद्दल मनात काही येतं ते कुठल्या भाषेत? तर हसली आणि म्हणाली "ते नाही सांगणार. म्हणून तर त्याला कन्नड येतंय का विचारलो."

मी तिथंच पेपर मिटला.

आज्जीचं मत राहिलं. आज्जीला मी म्हटलं, तुला कुणाचं मन ऐकायला मिळालं तर कुणाचं ऐकशील. मला वाटलं आजोबांचं म्हणेल. ती म्हणाली "कुणाचंच नको. साठ वर्षं तोंडानं बोललेलंच पुरं झालंय." आणि वात वळायला लागली. मग जरा वेळानं स्वतःच म्हणाली, "तुझ्या आजोबांना माझं ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं, एक दोन वेळा." कधी ते सांगितलं नाही. मी पण विचारलो नाही, आणि सौ_अनगोळ ताई मला बोलणार आता.

पोरीचं मत: पिच्चर "ओके" आहे, पण नायकानं बायकोला आधीच का नाही सांगितलं, सगळा घोळ वाचला असता. पुढच्या रविवारी झपाटलेला ठरलाय, कट्टेकरींच्या आग्रहावरून. पोरीनं ट्रेलर बघून आजच टेडी कपाटात कोंडलाय, किल्ली माझ्याकडं आहे.

सौ_अनगोळ

बोलणारच. जाऊन विचारा आज्जींना. चप्पल न घालता.

दुसरं_गेट

आज सकाळी स्वयंपाकघरात गेलो होतो त्याचसाठी. आज्जी स्टुलावर बसून लसूण सोलत होती, भावजय कणीक मळत होती, कुकर चालू. हात पिठात असल्यामुळं भावजय शिट्ट्या तोंडानं मोजत होती, ओंदु, एरडु. तिसऱ्या शिट्टीला तिला फोन आला, ती बाहेर गेली, आणि शिट्टी झाली तशी आज्जी लसणावरची नजर न काढता म्हणाली "मूरु", आणि मला म्हणाली गॅस बारीक कर.

आज्जीचं सगळं आयुष्य खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत गेलंय, बाजारात कन्नड ऐकून कळतं तिला, पण घरात तिच्या तोंडून एक कन्नड शब्द मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. मी गॅस बारीक केला. बायको आली, म्हणाली, का हसूलायस एकटाच. म्हटलं, काही नाही.